वरचा हापसा

माझी मुलगी हिंजवडीत कामाला आहे. प्रोग्रॅममधल्या चुका नोंदवून घ्यायच्या, कोणाकडे सोपवायच्या, कोणती आधी बघायची आणि कधी मिटली म्हणायची, ही सगळी व्यवस्था तिच्या हातात. नव्याने लागलेल्या मुलांना ती हे शिकवते. पुष्कळदा बावधनच्या आमच्या घरातूनच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. मी समोर गवार मोडत बसलेली असते आणि तिचे शब्द कानावर पडत राहतात. टिकिट उघडलं. अमक्याला असाइन केलं. क्लोज केलं. रीओपन झालं.

त्या दिवशी ती कोणावर तरी चांगलीच उखडली होती. "डुप्लिकेट म्हणून बंद करून टाकलंस. पण दोन्ही वाचलीस का? दोन वेगळे बग आहेत ते!"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. यातलं आईला काय कळणार, असं ती कधी तोंडाने म्हणत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते असतं. म्हणून हे लिहिते आहे. हे सगळे शब्द ती जन्माला यायच्या आधीपासून मला पाठ आहेत. दुबारची चूक काय असते हे तर मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मुळशीच्या गावागावांत तेव्हा बोअर घेऊन हापसे बसवले जात होते, आणि बसवले की ते बिघडत होते. ते दुरुस्त करायचं काम बघणारं एक छोटं ऑफिस पौडला होतं. तिथं मी तक्रारी लिहून घ्यायला होते. आमच्या वस्तीतली नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. वडिलांनी मला पहिल्या दिवशी एसटी स्टँडवर सोडलं आणि एवढंच म्हणाले, "अक्षर नीट काढ." मी अक्षर फार नीट काढलं. त्याच्याच तोऱ्यात राहिले, हे पुढे कळेलच.

रजिस्टर लाल कापडी पाठीचं, दोन हातांनी उचलायचं. रकाने आखलेले: क्रमांक, तारीख, गाव, दोष, कोणाकडे दिली, निकाल. तक्रार आली की नंबर पडायचा, आणि एकदा पडलेला नंबर खोडायचा नाही, हा पहिला नियम. सगळा गाव कोरडा पडला असेल तर कडेला लाल फुली, म्हणजे ती आधी. नुसतं दांड्याचं कुरकुरणं असेल तर फुली नाही, मग सरकारी काम आणि सहा महिने थांब. मिस्त्री जाऊन आला की 'निकाली'. पुन्हा बिघडलं की 'पुन्हा'. जाऊन काही सापडलं नाही की 'दोष आढळला नाही'. आणि एकाच बिघाडाची दोघांनी तक्रार केली तर दुसरीपुढे 'दुबार' आणि पहिलीचा नंबर. दुबार पकडण्यात माझा हात कोणी धरत नसे. आमचे हेडक्लार्क सगळ्यांदेखत म्हणायचे, "हिच्या नजरेतून एक सुटत नाही." मला ते ऐकून दिवसभर भूक लागत नसे.

मिस्त्री मात्र वेगळा माणूस. पन्नाशीचा, सायकलच्या कॅरिअरला पान्हे बांधलेले, बोलणं मोजकं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवलं होतं, "बाई, बिघडलाय म्हंजी काय, त्ये इचारायचं. दांडा जड लागतुया का हलका पडतुया? जड लागून पानी थोडं आलं तर वायसर गेला. नुसता मोकळा पडला तर साखळी तुटली. मानूस खोटं बोलंल, दांडा न्हाई बोलायचा." मी ते ऐकून घेतलं, आणि दोष या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहूही लागले. लिहिलेलं परत वाचायचं असतं, हे मात्र शिकले नाही.

एका एप्रिलात, बाजाराच्या दिवशी, एक बाई दारात येऊन उभी राहिली. डोंगरातल्या वाडीवरची. करवंदं विकायला उतरलेली, डोक्यावर रिकामी पाटी. आत यायला तयार नाही.

"बाय, हापसा बंद हाय आमचा."

"गाव?"

तिने गाव सांगितलं. मी बोट फिरवलं. त्याच गावची तक्रार तीनच दिवसांपूर्वी आलेली होती, तिथल्या पाटलांची चिठ्ठी. दोष: पाणी फार कमी येते.

"काय होतंय हापशाला?"

"दांडा मोकळाच पडतुया बग. थेंब न्हाई पान्याचा."

मी तेही लिहिलं. पाणी कमी येणारा हापसा आणि थेंब न येणारा हापसा, दोन्ही एकाखाली एक, माझ्याच वळणदार अक्षरात. आणि त्याच्यापुढे मी लिहिलं: दुबार.

ती म्हणाली, "लेक आलीया बाळंतपनाला. नववा लागलाय. खाली वढ्यातल्या झिऱ्यावरनं पानी आणतीया पोर. मला बाजारला यावंच लागतंय. तेवडं बघा."

"होईल, मावशी. मिस्त्री जाणारच आहेत," मी म्हणाले. तिने पाटीच्या तळाशी उरलेली करवंदं पळसाच्या पानात बांधून टेबलावर ठेवली. मी ती खाल्ली. फार गोड होती.

मिस्त्री गेले, वॉशर बदलला, आले. निकाली. दोन्ही नंबरांपुढे एकदमच.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा दारात. "बाय, बंदच हाय."

मी रजिस्टर उलटं करून तिच्यापुढे धरलं, जसं काही तिला वाचता येणार होतं. "झालाय दुरुस्त. गावातून पाटलांचं लेखी आलंय, पाणी सुरू झालं म्हणून."

"व्हय?" ती म्हणाली. क्षणभर तिचाच तिच्या डोळ्यांवर विश्वास उडाल्यासारखा चेहरा झाला. मग मान हलवून गेली. त्या 'व्हय' ची मला आजही लाज वाटते. लेखी आलंय म्हटल्यावर ती स्वतःच्या कोरड्या हंड्यावरही शंका घ्यायला तयार झाली होती, आणि ते लेखी दाखवणारी मी होते.

तिसऱ्या बाजाराला ती आली तेव्हा ऑफिसात गर्दी होती. मिस्त्री कोपऱ्यात पान्ह्यांना तेल लावत बसले होते. ती दारातूनच हात लांब करून पळसाच्या पानाची पुडी टेबलावर ठेवायला लागली आणि मी चढ्या आवाजात म्हणाले, "मावशी, करवंदं नकोत आता. किती वेळा सांगायचं? तुमची तक्रार निकाली निघालीय."

"करवंदं न्हाईत ती," ती म्हणाली.

पुडी उघडली तर आत बोल्ट. गंजून लाल झालेला, बोटभर लांबीचा.

"झाकनाचा पडलाय. म्हनलं, त्यो दावला तर तरी खरं वाटंल."

मिस्त्री उठून आले. बोल्ट हातात घेऊन फिरवला, नखाने गंज खरवडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो त्या हापशाचा न्हाई. त्येला चारी बोल्ट मी नवं घातल्यात, ह्याच म्हैन्यात." आणि तिच्याकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी तीन बाजार विचारला नव्हता. "बाये, हापसं किती हायेत तुमच्याकडं?"

"गावात एक. आमचा वर हाय, वाडीवर. जांभळीपाशी."

"तो कधी बसवला?" माझा आवाज आता खाली आला होता.

"दोन वरसं झाली की. गावात खाली कोन जानार, दोन मैल हाय. जाऊन तरी मागं उभं ऱ्हावं लागतंय."

माझ्या रजिस्टरला वाडीचा रकानाच नव्हता. गाव होतं, म्हणजे गावठाण. वर डोंगरात पंधरा-वीस घरं होती, हापसाही सरकारनेच बसवला होता, पण कागदावर ती घरं गावाच्या नावातच मिटलेली. खालचा हापसा सुरू झाला की वरचाही आपोआप निकाली.

आणि हे कळायला मला मिस्त्री लागावेत? काखेत कळसा आणि गावाला वळसा! आमची वस्तीही गावाबाहेरची. माझ्या लहानपणी आमच्या गावाच्या नावापुढे सरकारदरबारी 'पाण्याची सोय आहे' असं लिहिलेलं होतं. सोय होती, गावात. आमची आई अर्धा कोस लांबून पाणी आणायची. वडिलांनी त्यावर किती अर्ज केले ते मीच त्यांच्याशेजारी बसून बघितलं होतं, आणि प्रत्येक अर्जाला उत्तर एकच यायचं, की आपल्या गावी विहीर आहे. त्याच माणसाची मुलगी खुर्चीवर बसली आणि तिनेही तेच उत्तर दिलं. मला तेव्हा भर ऑफिसात रडू आलं. ते लपवायला मी शाईची बाटली शोधत खाली वाकले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मिस्त्री आणि मी निघालो. माझं तिथं काही काम नव्हतं, तरी गेले. रजिस्टर ऑफिसबाहेर न्यायचं नाही असा नियम होता. तेही पिशवीत घालून नेलं. गावापासून वर पायवाट. मिस्त्रींच्या खांद्यावर पान्हे आणि नवी साखळी, माझ्या काखेत ते धूड.

वाडीच्या खालच्या अंगाला आम्हाला तिची मुलगी भेटली. झिऱ्यावरून वर येत होती. डोक्यावर हंडा, एक हात पोटाखाली, चार पावलं चालायची की थांबायची. माझ्याच वयाची असेल, किंवा लहानच. मी हंडा उतरवून घ्यायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. सांडंल तुमच्याकडनं." बरोबरच होतं तिचं.

मिस्त्रींनी झाकण उघडलं. साखळी तुटून आत पडलेली. "ह्येच. मोकळा पडतुया म्हनली हुती नव्हं?" ते पुटपुटले. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आणि मी लिहिलंही होतं. ते पान्हा घेऊन कामाला लागले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुपार कलेपर्यंत काम चाललं. मग मिस्त्रींनी दांडा मारला. दहा वेळा, वीस वेळा, काही नाही. वाडीतली सगळी माणसं गोल करून उभी. मग आतून घरघर आली आणि तांबडं पाणी धो धो पडलं. मुलगी दांडा धरायला पुढे झाली तशी आईने तिला हाताला धरून जांभळीखाली बसवलं. मग मीच हापसलं. पाणी हळूहळू पांढरं झालं, निवळ झालं. मी हापसतच राहिले, हंडे भरले, कळशा भरल्या, तळहाताला फोड आला. त्याच्याएवढं समाधान मला पहिल्या पगारानेही दिलं नव्हतं.

मी रजिस्टर उघडलं. तिच्या नंबरापुढचं 'दुबार' आणि जुनं 'निकाली' खोडून 'पुन्हा' लिहिलं. मग नवं 'निकाली' लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. हा शब्द मी याआधी कितीदा लिहिला होता, खुर्चीत बसून! मी पेन खाली ठेवलं आणि शाईची डबी काढली. "मावशी, इथं तुमचा अंगठा द्या."

ती मागे सरली. "कशाला अंगठा? अंगठा दिला का कायतरी जातंच आमचं."

"यात काही जात नाही. तक्रार तुमची आहे. मिटली का नाही, ते तुम्ही सांगायचं. मी नाही, पाटलांनी नाही."

तिने मिस्त्रींकडे बघितलं, हापशाकडे बघितलं, मग मला म्हणाली, "मंग आज नगं. चार दिस हापसून बघते. खरंच चालला तर यीन बाजारला."

मिस्त्री हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. निकालाचा रकाना तसाच कोरा ठेवून आम्ही डोंगर उतरलो.

दुसऱ्या दिवशी मी लाल शाईने एक रकाना आखला, गावाच्या शेजारी: वाडी, आणि खूण. हेडक्लार्क म्हणाले, छापील फॉर्मात असं काही नाही. मी म्हणाले, म्हणूनच हाताने आखलाय. 

ती पुढच्या बाजाराला आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मी दर बाजाराला दाराकडे बघायची. पुन्हा बिघडला का? मुलीचं काही बरंवाईट तर झालं नसेल? तो नंबर उघडाच होता, आणि रोज सकाळी रजिस्टर उघडलं की आधी तोच दिसायचा.

तिसऱ्या बाजाराला ती आली. या वेळी दारात थांबली नाही, सरळ टेबलापाशी आली.

"लेकीला लेक झाली. हापशाच्याच पान्यानं न्हाऊ घातली." आणि अंगठा पुढे केला. "घे. आता कर बंद."

मी तिचा अंगठा शाईत बुडवला आणि रकान्यात टेकवला. तिने तो उचलला, ठशाकडे वाकून बघितलं आणि मग त्याच्या आधीच्या, लाल शाईने आखलेल्या जागेवर बोट ठेवलं. "हितं काय लिवलंय?"

मी वाडीचं नाव वाचलं. "मग पुढं लिहिलंय, वरचा हापसा, जांभळीपाशी."

"आमची वाडी लिवलीया?"

"हो."

तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.