न पोतलेली भिंत

"पाहून का होते? हात लाव," असं म्हणून मावशी माझं मनगट धरायची आणि तळवा सरळ भिंतीवर टेकवायची. मी नागपूरची इंटिरियर डिझायनर. भिंती पाहणं हाच माझा धंदा, आणि ही बाई मला शिकवणार! पहिल्या दिवशी मला रागच आला. तळव्याखालची भिंत मात्र गार होती आणि अजिबात सपाट नव्हती. नुसत्या डोळ्यांना हे कळलं नव्हतं.

दरेकशाला गाडीतून उतरून मी त्या भागात घरं बघत हिंडत होते. प्रवासात आपण देवळं बघतो, किल्ले बघतो. कुणाच्या राहत्या घराच्या भिंतीपाशी तुमच्यातलं कोण थांबतं, सांगा बरं. मीही थांबले ती पाणी मागायला. मावशीचं मातीचं घर, पुढे छपरी, म्हणजे आपली ओसरी. तिथल्या भिंतीला छुई, ती तिकडची पांढरी माती, पोतलेली. ओल्या मातीत चार बोटं फिरवून काढलेल्या लाटा. खाली काळसर पट्टा, बसणाऱ्याची पाठ टेकते बरोबर तेवढ्या उंचीचा. कोनाड्यापासून एक भेग निघाली होती. ती न बुजवता तिला पानं काढून तिची वेल केलेली. हे सुचायला आम्ही कॉलेजात पाच वर्षं काढतो आणि तरी सुचत नाही.

"कुठे शिकलात हे?" मी विचारलं.

"शिकाले कायले लागते? दरसाली पोततो, दरसाली काढतो. पोतलं का जुनं मिटलं."

"इतकं सुंदर मिटवता कशाला?"

"मंग का तसंच ठेवू? दिवारी येते ना!"

मावशी एकटीच राहायची. नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही. पाठचा एक भाऊ होता, तिकडे केशोरीला; थोरली बहीण म्हणून तो तिला बाई म्हणायचा. दर भाऊबीजेला तो दोन एसट्या बदलून यायचा आणि त्या एका दिवसाच्या गोष्टी तिला वर्षभर पुरायच्या. तो किती खातो, खाताना त्याला कसा घाम येतो, निघताना किती वेळा मागे वळून बघतो. मी चार-पाचदा गेले असेन, आणि दर वेळी हे सगळं पहिल्यांदाच सांगितल्यासारखं ऐकलं.

मग मला एका हॉटेलच्या लॉबीसाठी ती भिंत हवी झाली. फोनवरच्या फोटोंनी भागेना.

"मावशी, चांगला कॅमेरा घेऊन येते. तोवर भिंत पोतू नका."

"कधी येशीन?"

"दिवाळीच्या आत."

"मंग नाही पोतत."

दिवाळीच्या आत मी गेले नाही. कामं होती, ती कुणाला नसतात? गावातल्या दुकानाचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन करावा एवढंही सुचलं नाही. गेले ती थेट माघात.

शेजारीण वाटेतच भेटली. "तुमीच का त्या कॅमेऱ्यावाल्या म्याडम? काऊन सांगतलं हो तिले पोतू नोको म्हनून?" मग तिनं सगळं ऐकवलं. त्या गावात दिवाळीला भिंत पोतली नाही, तर त्या घरात कुणीतरी गेलं असं समजतात. मावशीनं मला शब्द दिला होता, म्हणून तिनं मातीला हात लावला नाही. भाऊबीजेला भाऊ आला, त्यानं रस्त्यावरूनच भिंत पाहिली आणि तिथंच हंबरडा फोडला. मावशी ओवाळणीचं ताट घेऊन धावत बाहेर आली, "अरे, मी जिती हाय ना!" म्हणत. सगळी आळी हसली, तो नाही हसला. "जित्या मानसाचं घर असं ठेवते का कोनी?" एवढंच म्हणाला आणि न ओवाळून घेता, न जेवता परत गेला.

मावशीनं मला छपरीत नेलं. "काढ फोटू," म्हणाली. मी तासभर काढत राहिले. माफी मागितली, तर म्हणाली, "राहू दे. पुढच्या साली येईल ना तो." मी निघेपर्यंत तिनं छुई कालवायलाही घेतली होती. तेच माझं तिला शेवटचं पाहणं. ती बाई मला अजून हवी असते, फार हवी असते.

पुढच्या दिवाळीला मी वसुबारसेलाच पोचले. भिंत पोतलेली नव्हती. या वेळी मला कुणाला काही विचारावं लागलं नाही.

छपरीत तिचा भाऊ बसला होता. तिच्या शेतातलं धान कापायला आला होता. पावसाळ्यात दोन दिवसांच्या तापात ती गेली, असं त्यानं खाली बघत सांगितलं. मग मी कोण ते कळल्यावर म्हणाला, "तुमच्यापासी फोटू हायेत म्हने. माझ्यापासी बाईचा एकबी नाही."

मी टॅब काढून त्याच्या हातात दिला. तो एकेक फोटो सरकवत गेला, बोटांनी मोठा करून कोपरे शोधत गेला. भिंत, कोनाडा, वेल, पुन्हा भिंत.

"हे तं सारी भीतच हाय," तो म्हणाला. "माही बाई कोठी हाय?"

प्रत्येक फोटोच्या आधी मीच तिला म्हटलं होतं, "मावशी, जरा बाजूला व्हा."