उजव्या कानातली मुक्ताई

बुधवार पेठेत माझ्या वह्यांच्या दुकानाशेजारी मकसूदभाई बसतात. त्यांची पाटी आहे: 'गाणी बारीक करून मिळतील. घाईत मिळणार नाहीत.' जुन्या कॅसेटमधलं गाणं फोनवर जाईल एवढं लहान करून देणं हा त्यांचा धंदा. फाइल जितकी लहान, तितकी भाईंची कॉलर ताठ. ही हौस एकदा चांगलीच अंगाशी आली.

कर्वेनगरात स्वयंपाकाची कामं करणाऱ्या विमलाबाई एक कॅसेट घेऊन आल्या. तीस वर्षांपूर्वी त्या आणि धाकटी बहीण मुक्ताई, जात्याच्या दोन बाजूंना बसून ओव्या म्हणत होत्या, त्याची. मुक्ताई चंद्रपूरकडच्या खेड्यात राहते. महिन्यापूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज कायमचा गेला होता. विमलाबाईंना तिला तिचाच जुना आवाज ऐकवायचा होता. गावात नेटवर्क जेमतेम, आणि पोस्टाने पाठवण्याइतका बाईंना धीर नव्हता.

भाईंनी डाव्या-उजव्या कानांतले दोन्ही आवाज एकत्र कालवून चिमुकली फाइल केली. ती झटकन पोहोचली. दुसऱ्या दिवशी बाई पडलेल्या चेहऱ्याने परत आल्या. मुक्ताईने लिहून कळवलं होतं, यात सगळीकडे तूच गातेस. बहिणींचे आवाज इतके सारखे की आईसुद्धा फसायची. डाव्या कानात विमलाबाई, उजव्या कानात मुक्ताई, एवढीच काय ती खूण, आणि तीच भाईंनी पुसली होती.

"वा," मी म्हणालो, "जागा वाचवायला अख्खी बहीणच काढलीत."

भाई जेवणाचा डबा तसाच ठेवून पुन्हा कामाला बसले. मग त्यांनी बाईंना समजावलं की आवाज एकच पाठवायचा, पण फाइलमध्येच फोनसाठी एक चिठ्ठी जोडायची: आत्ता डावीकडे वाजव, आता उजवीकडे. फोन ती वाचून आवाज वाटून देतो. चिठ्ठीला जागा ती किती लागणार? दोघी एकदम गातात तिथे थोडी गडबड होते, पण ओव्या बहुतेक आळीपाळीनेच होत्या. एकेक कान झाकून भाईंनी तीनदा ऐकलं, तेव्हा कुठे फाइल गेली.

तासाभराने मुक्ताईची सून श्रद्धा हिचा विमलाबाईंना फोन आला.

"मावशी, आईनं डाव्या कानातला इयरफोन काढून टाकला. उजव्यानंच आयकून रायली, अन् हासून रायली."

मला एवढा आनंद झाला की मी भाईंच्या पाठीत जोरात थाप मारली. विमलाबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

"लहानपणापासून अशीच आहे ती," त्या म्हणाल्या. "मला बोलूच देत नाही."