सत्यभामेचा नारळ

हरिश्चंद्र शिवलकरांच्या घरी चुलीला करवंटी मिळत नाही, ही त्यांच्या बायकोची, मथुराकाकूंची जुनी तक्रार. घरातलीच काय, अख्ख्या वाडीतली करवंटी हरिश्चंद्र गोणीत भरतात, खाडीवर नेतात आणि सत्यभामेला खायला घालतात.

सत्यभामा म्हणजे आगबोट. दोन्ही कुशींना दोन मोठाली चाकं, चाकांना फळ्या, मधे काळं धुराडं आणि पोटात वाफेचं इंजिन. हरिश्चंद्रांच्या आजोबांच्या काळात ती वेळणेश्वरच्या बाजूच्या या खाडीतून माणसं आणि आंब्याच्या पेट्या बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या बोटीपर्यंत पोचवायची. मग रस्ते झाले, एसटी आली आणि बाईसाहेब चिखलात बसल्या त्या बसल्याच. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या.

हरिश्चंद्र जन्मभर परदेशी जहाजांच्या इंजिनरूममध्ये राबले. निवृत्त झाल्यावर कलमं लावतील, देवळात भजनाला बसतील अशी गावाची समजूत होती. यांनी कोंबड्या हाकलल्या आणि बोट उपसायला घेतली. कितीतरी पावसाळे त्यात गेले. सरकारी साहेबाने बॉयलर तपासून दाखला दिला, त्या दिवशी हरिश्चंद्रांनी वाडीभर पेढे वाटले. मुलाच्या लग्नातही ते इतके हसले नव्हते, असं काकू अजून सांगतात.

तो मुलगा, संदेश, मच्छीमारांच्या लाँचची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. बापाचं वेड त्याला कळतं, पण पटत नाही. सत्यभामा दोनदा खाडीच्या मध्यावर रुसली आणि दोन्ही वेळा संदेशनेच लाँचला दोर बांधून तिला ओढत आणलं.

"बाबा, डिझेल बसवू या. चाकं शोभेला फिरवू. धूरच पाहिजे तर धुराड्यात उदबत्तीचा पुडा लावू."

"मग माझ्या छातीतपण एक मोटर बसव," हरिश्चंद्र म्हणाले आणि ताटावरून उठले.

शेवटी बापलेकाचं भांडण गावच्या समितीपुढे गेलं आणि तिने निकाल दिला. नारळी पौर्णिमेला सत्यभामेने स्वतःच्या वाफेवर पलीकडचा धक्का गाठायचा. गाठला तर वाफ राहील. मधे दोर लावावा लागला तर दिवाळीआधी डिझेल. हरिश्चंद्रांनी मान डोलावली.

पौर्णिमेच्या दिवशी ते पहाटेपासून बॉयलरपाशी होते. डेकवर ताडपत्रीच्या सावलीत त्यांनी एक वेताची खुर्ची बांधून ठेवली होती, काकूंसाठी. काकूंना बोट लागते, त्यामुळे आजवर त्या सत्यभामेवर चढल्या नव्हत्या. आज येते म्हणाल्या होत्या. आल्याही, हातात सोललेला नारळ घेऊन.

"अवो, बोटीला नारळ वाढवलात काय?"

"आता वाफ धरतेय गो, हात सोडवत नाय. पलीकडे जाऊन वाढवतंय."

"पलीकडे? सायकल घेतली तरी आधी नारळ वाढवतात माणसं! मी नाय चढणार अशा बोटीवर."

आणि काकू तरातरा जाऊन बसल्या त्या संदेशच्या लाँचमध्ये. हरिश्चंद्रांना ते फार लागलं. रिकाम्या खुर्चीकडे न बघता त्यांनी भोंगा ओढला.

भरती पुरती भरली होती. सुकाणूवर सदू तांडेल, खाली हरिश्चंद्र. चाकं फिरली, फळ्यांनी पाणी कापलं आणि दोन्ही काठांवरून आरोळी उठली. एरवी खाडीला मानाचा एकच नारळ वाहतात. पण यंदा सत्यभामेचं भलं व्हावं म्हणून घराघरातून नारळ आले होते. लोकांनी होड्या काढल्या आणि मोठ्या प्रेमाने ते सगळे बोटीच्या पुढ्यात वाहिले. नारळ तरंगतो आणि चाक समोर येईल ते आत ओढतं, हे एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. हरिश्चंद्रांच्याही नाही. ते तर खिडकीतून हात जोडून सगळ्यांचे आभार मानत होते.

खाडीच्या बरोबर मध्यावर डावीकडून 'खट्ट' असा आवाज आला आणि चाक थांबलं. दोन्ही चाकं एकाच आसावर, त्यामुळे उजवंही थांबलं. फळी आणि चाकावरचं लाकडी कवच यांच्यामधे नारळ पाचरीसारखा बसला होता. तेवढ्यात ओहोटी लागली. सत्यभामा हळूहळू वाळूच्या पट्ट्याकडे सरकू लागली.

संदेशची लाँच जवळ आली. "बाबा, दोर टाकू?"

"टाकलास तर तोडीन!"

"बाबा, वाळूत बसली तर फळ्या मोडतील! आई, ऊठ. दोरावर बसलीयस तू."

"ठावं हाय मला," मथुराकाकू म्हणाल्या आणि जरा अजून ऐसपैस बसल्या.

हरिश्चंद्रांनी खिडकीतून ते पाहिलं. ओकारी येऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरलेला, मांडीवर नारळ, बुडाखाली दोराचं वेटोळं आणि हलायचं नाव नाही.  मग त्यांनी उरलेली करवंटीची गोणी एकदम भट्टीत रिकामी केली.

वाफ चढली. जातं अडकलं की बायका खुंटा मागेपुढे करून ते सोडवतात. तसाच त्यांनी इंजिनाचा दांडा मागे ओढला, पुढे लोटला, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. "बये, आज नको गो रुसू. घरची पण आली हाय बघायला."

फटाक्! कवचाच्या फटीतून नारळाचं पाणी उडालं ते थेट संदेशच्या तोंडावर. पाठोपाठ खोबऱ्याची शकलं. चाक फिरलं, भोवती तरंगणारे नारळही त्यात सापडून फुटत गेले आणि सगळी खाडी हसायला लागली.

"वाढवला रे वाढवला!" सदू सुकाणूवरून ओरडला. "बाईनं आपला नारळ आपणच वाढवला!"

पलीकडच्या धक्क्याला सत्यभामा वाफेवरच लागली. तिच्या शेजारी लाँच आली. संदेशने तोंड पुसलं, आईच्या खालचा दोर ओढून घेतला आणि मुकाट्याने सत्यभामेला धक्क्याशी बांधलं. "भोंगा जरा बसलाय, बाबा," तो म्हणाला. "उद्या बघतो." हरिश्चंद्रांनी मान हलवली.

मथुराकाकू डेकवर चढल्या, वेताच्या खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटून घेतले. त्यांना चांगलीच बोट लागली होती. मांडीवरचा नारळ तसाच शाबूत होता.

"हा आता नारळीभाताला," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

हरिश्चंद्र काळ्याकुट्ट हातांनी समोर उभे राहिले. "आणि करवंटी?"

"ती घाला तिच्या पोटात."