घरचा माणूस

चिंचपोकळीत आमच्या चाळीखालच्या छापखान्यात तो मशीन चालवायचा. नाव मला कधी कळलंच नाही. बोलण्याआधी हातांची शाई पुसायचा, नाकावरची मात्र तशीच राहायची. सुट्टीची वेळ झाली की शेठचा गोड आवाज वर गॅलरीत ऐकू यायचा, "थांब रे जरा, तू तर घरचा माणूस!" 'ओव्हरटाइम कायद्याने डबल मिळतो' असं यानं म्हटलं की शेठ दुखावल्यासारखे म्हणायचे, "घरच्या माणसाला कसला ओव्हरटाइम?"

एकदा मी भाचीच्या लग्नपत्रिका आणायला खाली गेले, तर हा शेठच्या खुर्चीत बसून शेठचाच डबा खात होता. तेवढ्यात शेठ आले.

"अरे, माझा डबा आहे तो!"

"माहितीये ना," तो बोट चाटत म्हणाला. "वहिनींना सांगा, वांग्यात मीठ कमी पडलं. रविवारी पोरांना घेऊन जेवायलाच येतो. घरचीच माणसं आम्ही."

पुढच्या पगारात मागचा सगळा ओव्हरटाइम आला, तोही डबल. कळल्यावर मी मुद्दाम विचारलं, "मग, रविवारी जाणार ना जेवायला?"

त्यानं आधी हात पुसले.

"छे हो ताई, आता परका झालो. एकदम बरं वाटतंय."