नाव घातलेल्या पेल्यातलं पन्हं

माझ्या मायच्या हातच्या पन्ह्यासारखं पन्हं अख्ख्या अमळनेरात नव्हतं. मी तिची मुलगी, मी असं म्हणणारच. पण ज्यांनी ते प्यायलंय त्यांनीही हेच म्हटलंय, आणि त्यातल्या काहींना ते म्हणणं तितकंसं सोपं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, तेलाच्या गिरणीत कामाला होते आणि मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आमची बौद्ध वस्ती रस्त्याच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला शेतीवाडीवाल्यांची दुमजली घरं. दोन्हीकडे बोलणं-चालणं होतं, दुखलं-खुपलं विचारलं जायचं. आमच्याकडचं पाणी तेवढं पलीकडे कोणी घेत नसे. हे कोणी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ होतं.

एप्रिलात जयंतीची मिरवणूक वस्तीतून निघून बाजाराकडे जायची आणि कोपऱ्यावर सरबताचं टेबल लागायचं. मंडळाची पोरं बाटलीतला लाल रंग पाण्यात ओतायची, वर बर्फ फोडून टाकायची आणि त्याला सरबत म्हणायची. जीभ संध्याकाळपर्यंत लाल, तहान होती तिथेच. त्या वर्षी मायने जाहीर केलं की यंदा पन्हं, आणि ते ती करणार. पोरांना आनंदच झाला, आयतं मिळत होतं. वाद निघाला तो पेल्यांवरून.

पोरांनी प्लास्टिकचे ग्लास ठरवले होते. प्यायचे आणि फेकायचे. त्यातला एक जण म्हणाला, "म्हणजे पलीकडला लोकेसले बी अडचण नको, अक्का."

माय विळीवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कोणले अडचण शे? आपले त नही. पाहुनाले आपन आपला पेलामा देतस. फेकाना पेलामा नही."

एवढ्यावर ती थांबली असती तर ती माझी माय कसली. तिने भांड्यांच्या दुकानातून स्टीलचे नवे पेले आणले आणि तिथेच प्रत्येकावर नाव घालून घेतलं. लग्नात आलेल्या भांड्यावर घालतात तसं, नानांचं पूर्ण नाव, आडनावासकट. आमच्याकडे आडनाव वाचलं की वस्ती कळते. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. एकीने स्पष्टच विचारलं, हे वाचून पलीकडचं कोण ओठाला लावणार आहे? माय पेले पुसून, नावाची बाजू पुढे करून फळीवर मांडत राहिली. तिने भर बाजारात सगळ्यांच्या नावाची पैज लावली होती, हे तिला कळत होतं. मला तर ते इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी वस्तीभर फिरून घरोघरचे नाव घातलेले पेले गोळा केले. माझा स्वभाव तसाही भांडखोर, आणि भांडायला इतकं चांगलं कारण रोज मिळत नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी कैऱ्या आल्या. कोय धरलेल्या, घट्ट, नखाला चीक लागणाऱ्या गावरान. माय कैरी उकडत नसे, निखाऱ्यात भाजायची. उकडलेल्या कैरीचं पन्हं आजाऱ्याला द्यावं, असं तिचं मत. अंगणात तीन दगडांची चूल मांडून आम्ही कैऱ्या आरावर लोळवल्या. साल काळी पडून फुटली की गराला धुराचा एक पुसट वास लागतो, आणि पन्ह्याचा सगळा मामला त्या वासात आहे. गर हाताने कोळून माय तो चाळणीतून काढायची. गूळ वेगळा भिजवून, फडक्यातून गाळून घ्यायची, कारण गुळातला खडा दाताखाली आला की पाहुण्यासमोर मान खाली जाते. मग भाजलेलं जिरं, सैंधव, थोडी वेलची. बर्फाला तिने हात लावू दिला नाही. ओलं गोणपाट गुंडाळलेल्या रांजणांमध्ये पन्हं पहाटेपर्यंत असं गार झालं की घोट घेतल्यावर नाना नुसते हसले. नानांचं हसणं म्हणजे आमच्या घरातलं प्रमाणपत्र.

मिरवणूक ऊन चढल्यावर कोपऱ्यावर आली. लेझीमवाले, बँडवाले, बंदोबस्ताचे पोलीस, सगळे टेबलावर तुटून पडले. माय पन्हं भरत होती, मी टोपात पेले विसळत होते. पलीकडच्या ओट्यांवर माणसं उभी होती, बघत होती. रस्ता काही ती ओलांडत नव्हती. माय भरता भरता एकदा तिकडे बघायची आणि पुन्हा रांजणात वाकायची.

गर्दी इतकी वाढली की पेले पुरेनात. तेवढ्यात समोरच्या घरातली सून पायऱ्या उतरून थेट आमच्याकडे आली. तिच्या हातात परात होती आणि परातीत तिच्या घरचे पेले, त्यांच्या नावाचे. माझं डोकं सणकलं. मला वाटलं, आमच्या पेल्यात प्यायचं नाही म्हणून बाईने स्वतःचे आणले. मी म्हटलं, "आम्हनाकडे पेला शेत."

"कमी पडी राह्यनात ना," ती मायला म्हणाली. "बठ्ठा ल्या, अक्का." आणि तिने परात माझ्या टोपात उपडी केली. त्यांचे पेले आमच्या पेल्यांत, एकाच पाण्यात.

मग तिने मायच्या हातातला भरलेला पेला घेतला. तो आमचा होता. तो ओठाला लावून, भर रस्त्यात, ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत तिने तो संपवला आणि म्हणाली, "एक आबासाठे द्या."

मायने पेला काठोकाठ भरला. सून तो घेऊन पलीकडे गेली. आबांनी पेला हातात धरला, फिरवला, नाव वाचलं. बँड वाजत होता, पण आमच्या टेबलापाशी सगळे तिकडेच बघत होते. आबांनी मान मागे केली आणि पन्हं वरून तोंडात ओतलं. ओठ लावला नाही. मग सुनेला काहीतरी विचारलं, आणि ती तिथूनच ओरडली, "जिरं भाजीसन टाकेल शे का, इचारी राह्यनात!"

माय हसली. माझा मात्र संताप झाला होता. मी म्हटलं, वरून प्यायले. ती म्हणाली, प्यायले ना. त्यानंतर इतर ओट्यांवरून माणसं एकेक करून उतरली, आणि रांजणांनी तळ गाठला.

संध्याकाळी नावं वाचून पेले घरोघर पोहोचवले. सुनेचे सगळे परत केले. आमचा एक कमी भरला. तो आबांकडेच राहिला होता. मी आणायला निघाले तर मायने थांबवलं, दमलीस, नंतर बघू म्हणाली.

नंतर म्हणजे आखाजी, आमच्याकडची अक्षय्य तृतीया, उजाडली. मायने सांजोऱ्यांची ताटली झाकून माझ्या हाती दिली आणि समोर पाठवलं. आबा ओट्यावर खाटेवर बसले होते, शेजारी पाण्याची कळशी. त्यांनी मला बस म्हटलं, सुनेला हाक मारली आणि कळशीतून पेल्यात पाणी घेऊन पिऊ लागले. सावकाश, ओठ लावून. पेल्यावरचं नानांचं नाव माझ्या बाजूला होतं. कडेला एक पोचा आला होता, रोजच्या वापरातल्या भांड्याला येतो तसा.

मी घरी येऊन मायला सांगितलं आणि विचारलं, आणू का पेला?

"राहू दे तठेच," माय म्हणाली. "आपलं नाव शे त्यावर."