गार इंजिनाची पारख

एकोणीसशे नव्व्याण्णव साल. आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला ते साल. मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो. मोटारीतलं मला काही कळत नव्हतं, अजूनही फार कळत नाही. तरी सेनगाव तालुक्यातल्या आमच्या तांड्यावर पहिली पिकप आली ती माझ्या पारखीने. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आता जो तो म्हणतो की म्हाताऱ्याचं नशीब चांगलं होतं.

शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढे गुरुजींनी हाकललं की मीच गेलो नाही, यावर माझं आणि माझ्या भावाचं अजून एकमत नाही. पण जनावर मला कळतं. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आजा सांगायचा, लादणीचा बैल चालताना बघू नये, चालताना सगळेच चांगले दिसतात. तो बसलेला असतानाच जावं आणि उठताना बघावं. मागचे पाय कसे टेकतो, कुठं अडतो, उभा राहिल्यावर थरथरतो का. एकदा उठून दहा पावलं टाकली की लंगडासुद्धा लंगडत नाही. साखऱ्यापासून गोरेगावपर्यंतचे लोक बैलबाजाराला निघाले की मला सोबत न्यायचे. मी बघितलेला बैल फसला असं एकदाच झालं, आणि त्याला मी नको म्हणालो होतो, घेणाऱ्याने ऐकलं नाही.

त्या साली माझ्या पोराने ठरवलं की ऊसतोडीला जायचं नाही. तो आणि सून चार वर्षं जात होते. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा, अर्धा तांडा त्यात चढून कारखान्याकडे जायचा आणि उन्हाळ्यातच परत यायचा. मागच्या खेपेला सुनेचं दुसरं बाळंतपण उसाच्या फडातच झालं. परत आल्यावर पोरगा गोरेगाव-सेनगाव जीपवर डायवर म्हणून राहिला. हात बसला तसा म्हणू लागला, आपण एक जुनी पिकप घेऊ, तांड्याचा माल बाजाराला नेऊ. गाडीच्या पैशासाठी मी बैलजोडी साडूला विकून टाकली. मग दावणीला बैलही नव्हता आणि दारात गाडीही नव्हती. मुकादमाने निरोप धाडला होता, रविवारी ट्रक येतो, यायचं की नाही ते तेव्हाच सांगा. म्हणजे गाडी चांगली मिळाली तर पोरगा-सून घरी. वाईट मिळाली, रस्त्यात बसली, तर दोघं परत फडात, लेकरांसकट.

बुधवारी आम्ही हिंगोलीला एक गाडी बघायला गेलो. मी, पोरगा आणि त्याच्या ओळखीचा एक मिस्त्री. गाडी एका दुकानदाराची होती. नवा निळा रंग, मागच्या हौद्यावर फुलं काढलेली, टायर काळे कुळकुळीत. बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं साळून, तेल लावून आणतात, तसं मला वाटलं. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं. मिस्त्रीने कान लावला आणि म्हणाला, "मक्खन हाये." पोराचं तोंड उजळलं.

मी बोनेटवर तळवा ठेवला. चटका बसला.

"कवापासून चालू हाये?"

"आत्ताच आणली ना बाबा, तुमच्यासाठी," दुकानदार म्हणाला.

"बंद करा."

"बंद करून काय बघता?"

"गार होऊ द्या. मी बसतो."

आणि बसलो. त्याच्या दुकानाच्या ओट्यावर धोतर सावरून बसलो. सकाळचे दहा वाजले असतील. दुकानदाराचा माणूस म्हणाला, "चाचा, गाडी देखने आए हो या सोने?" मी फडकं सोडून भाकरी खाल्ली. मिस्त्री दोनदा चहाला जाऊन आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मला म्हणाला, "बाबा, गाडीचे दात बघायचे का? बोनेट उघडतो."

"आधी तुझे बघतो. अक्कलदाढ आलेली दिसत न्हाई."

पोरगा माझ्या कानाशी आला. "बा, लोक हासून राहिले."

"हासू दे. त्यांच्या हासण्यात आपली गाडी बसत न्हाई."

तीन वाजता परत तळवा ठेवला. गार. मी म्हणालो, आता मारा सेल. दुकानदाराच्या माणसाने मारला. घर्र घर्र झालं आणि थांबलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा आवाज रड्या लेकरासारखा बारीक झाला आणि चौथ्यांदा बॅटरीच बसली. मग चौघांनी धक्का मारला. चालू झाली, पण धूर इतका की हौद्यावरची फुलं दिसेनात, आणि इंजिन हिवतापाच्या रोग्यासारखं थडथडत होतं. पाचेक मिनिटांनी धूर गेला, थडथड गेली, आणि पुन्हा सगळं मक्खन.

"झाली ना चालू?" दुकानदार म्हणाला.

"रोज सकाळी धक्का मारायला तुमचा माणूस आमच्यासंगं देता का?"

येताना एसटीत पोरगा खिडकीकडे तोंड करून बसला. सेनगाव जवळ आलं. मग म्हणाला, "धक्क्यानं चालती तर चालती. तांड्यावर माणसं काय कमी हायेत?"

"रविवारी अर्धी ट्रकात बसून जातील. मंग कोन धक्का मारंल, तुझी माय?"

बोललो खरं, पण मला घोर लागला होता. नको म्हणायला काही लागत नाही. व्हय म्हणण्याजोगी गाडी दिसायला पाहिजे, आणि हातात तीन दिवस होते.

शुक्रवारी गोरेगावच्या हॉटेलावर चहा पिताना कळलं की जवळच्याच एका गावात एक भाजीवाला आपली पिकप विकायला काढून राहिला. रोज पहाटे माल भरून तो हिंगोलीला जातो. पोरगा म्हणाला, दुपारी तो परत आला की जाऊ, मिस्त्रीलाही बोलावतो. मी म्हणालो, दुपारी न्हाई, पहाटे तो गाडीला हात लावायच्या आधी पोचायचं. मिस्त्री काही त्या वेळेला उठणार नव्हता. मग आम्ही दोघंच निघालो. शनिवारी तांबडं फुटायच्या आत त्याच्या दारात उभे होतो. दिवाळीनंतरचा गारठा पडला होता, दोघांनी घोंगड्या घेतल्या होत्या.

भाजीवाला माझ्याच वयाचा होता. वांग्यांच्या पाट्या बाहेर काढत होता.

"राम राम," मी म्हणालो.

"जय भीम, नाईक. एवढ्या सकाळी?" गावची माणसं तांड्यावरच्या वडीलधाऱ्याला नाईकच म्हणतात.

"गाडी झोपेत बघायची होती."

तो हसला नाही. पाटी खाली ठेवली. "मंग बघा. अजून हात लावला न्हाई मी."

गाडी बघून पोराने मान खाली घातली. रंग कुठला ते सांगता येत नव्हतं. एका बाजूचं दार तारेने बांधलेलं. हौद्याचा पत्रा गंजून कुरतडलेला. मी बोनेटवर तळवा ठेवला. दवाने ओला झाला. मी म्हणालो, मारा.

भाजीवाला बसला, चावी अर्धी फिरवून दहा आकडे मोजेपर्यंत थांबला, मग सेल मारला. एका दमात उठली. थोडा धूर आला, पांढरट, आणि विरून गेला. मी हात तिच्या अंगावर तसाच ठेवला होता. धडधड होती, पण बराबर होती, पावलं मोजून टाकणाऱ्या जनावरासारखी. पोरगा माझ्याकडे बघत होता. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"काहून विकता?"

"डोळ्यात मोतीबिंदू. पोरगं मास्तर झालंय, ते म्हणतंय बस झालं." मग न विचारता त्याने सांगायला सुरुवात केली. "दुसरा गिअर कदी कदी निसटतो, हातानं धरावा लागतो. खाली तेल गळतं, थोडं. आन तीन साल झाले, पुलाच्या कठड्याला धडकली. तवापासून डावीकडं ओढती."

बाजारात खोड आपण होऊन सांगणारा माणूस वर्षातून एखादा भेटतो. पण धडकली म्हणल्यावर मी खाली वाकलो. मी पुढचं डावं टायर बघितलं. आतल्या अंगाने जास्त झिजलेलं होतं, पाय तिरपा टाकणाऱ्या बैलाचा खूर झिजतो तसं. पाय तिरपा पडणं वेगळं आणि हाड मोडून जुळलेलं असणं वेगळं. तिरपा पाय मिस्त्री सरळ करतो. हाडाला औषध नाही.

मी घोंगडी अंथरली आणि गाडीखाली शिरलो.

"बा, धोतर घाण होईल," पोरगा म्हणाला.

"धोतर धुता येतं."

गाडीची सगळी मदार ज्या दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर असते त्याला चेसी म्हणतात, एवढं पोराने मला शिकवलं होतं. मी एक गोटा घेतला आणि पुढून मागे वाजवत गेलो. बाया मडकं घेताना बोटाने वाजवतात तसं. टण, टण, टण. डाव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ आलो आणि आवाज बदलला. बद्द. परत मारला. बद्द. तिथंच जोड असणार, वरून काहीतरी थापलेलं असणार, असं मनात आलं. बाहेर पोराच्या चपला दिसत होत्या, एका जागी थांबलेल्या. त्यालाही ऐकू गेलं होतं.

मी खुरपं मागितलं. भाजीवाल्याने आणून दिलं आणि तो स्वतः शेजारी आडवा झाला. मी खरवडायला लागलो. चिखल आणि तेल बसून चार बोटं जाड थर झाला होता. ढेकळं माझ्या तोंडावर पडत होती. खाली लोखंड लागलं. वीतभर मोकळं केलं. चीर नाही, जोड नाही. गोटा मारला. टण.

"नाईक, म्या दहा साल चालवली, पण एवढ्या आत कदी शिरलो न्हाई," तो म्हणाला.

मग आम्ही त्याचा माल भरला, वांगी, मिरची, मेथीच्या जुड्या, आणि त्याच्यासंगंच हिंगोलीला निघालो. पोरगा चालवायला बसला, भाजीवाला त्याच्या शेजारी. मी मागे हौद्यात पाट्यांना टेकून बसलो. लोकांना वाटतं कान लावला की गाडी कळते. मागची चाकं आणि पाटे, म्हणजे चाकावरच्या लोखंडी स्प्रिंगा, बसल्या अंगाला कळतात. वाटेत एक चढ लागतो. तिथं भरल्या मालानिशी दुसरा गिअर एकदा निसटला, पोराने परत टाकून धरला, आणि ती न थांबता वर गेली. काळा धूर नाही, कुठं खडखड नाही. हिंगोलीला उतरल्यावर मी एवढंच म्हणालो, "हीच."

कागद भाजीवाल्याच्या मास्तर पोराने वाचून दाखवले, माझ्या पोराने परत वाचले. ती गाडी आमच्याकडे अकरा वर्षं राहिली. तिने तीनदा रस्त्यात दगा दिला आणि तिन्ही खेपा मला पाठ आहेत. एकदा पंक्चर, एकदा बॅटरीची वायर उंदराने खाल्ली होती, आणि एकदा पोराने डिझेल भरलं नव्हतं. ही शेवटची मी गाडीच्या नावावर धरत नाही.

पण हे सगळं पुढचं. शनिवारी संध्याकाळी गाडी तांड्यावर आणली तेव्हा लोक जमले आणि हसू लागले. एकाने विचारलं, "काका, भंगाराचा धंदा काढला का?" बायकोने चाकांना कुंकू लावलं, नारळ फोडला. सगळे पांगल्यावर हळू आवाजात म्हणाली, "अवो, चालंल ना?"

"चालंल."

"म्या पोरांचं फडावर न्यायचं गाठोडं बांधून ठेवलंय. असू द्या आपलं."

माझ्या पारखीवर तांडा हसला ते मला लागलं नाही. ते गाठोडं लागलं.

रविवारी दुपारी मुकादम आला. ट्रक लिंबाखाली उभा केला, आमच्या पिकपभोवती एक चक्कर मारली आणि टायरला बुटाने टोकरलं. "ही? आठ दिवस." मग पोराला म्हणाला, "जागा ठेवू का? परत यायचो न्हाई मी."

सून दारात उभी होती, कडेवर धाकटं घेऊन. पोराने माझ्याकडे बघितलं. "बा?"

इतकी वर्षं मी लोकांना बैल बघून सांगत होतो, घे, घेऊ नको. सांगितलं की माझं काम संपायचं. त्या बैलामागे माझं लेकरू कधी उभं नव्हतं.

"जागा दुसऱ्याला दे," मी मुकादमाला म्हणालो.

"इचार करा, काका."

"करून आलोय. गाडीखाली निजून केला."

ट्रक दिवस मावळायच्या आत गेला. तांडा निम्मा रिकामा झाला. ज्या घरांत माणसं उरली होती त्या घरी मी फिरलो आणि विचारलं, कापूस बाजाराला न्यायचा कोणाचा आहे? कोणी हो म्हणेना. आधी तुमची गाडी जाऊन तर येऊ दे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराच्या आधी उठलो. घरचा होता नव्हता तेवढा कापूस एकट्याने हौद्यात भरला, दाबून भरला, वर दोर आवळला. पोरगा तोंड धुऊन आला तोवर मी ढिगावर चढून बसलो होतो. चारदोन माणसं आपापल्या दारात येऊन बघत होती. पोराने चावी फिरवली आणि विचारलं, "बा, हिंगोलीलाच ना? जवळ पडतं."

"हिंगोली न्हाई," मी वरून म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणखी फुडं, वसमतला घे."