मूठभर मीठ

काचेची छोटी बाटली खिडकीच्या उजेडात धरायची, डावा डोळा मिटायचा, उजवा बारीक करायचा आणि निकाल सुनावायचा, "बसलं!" आमच्या सरांनी तीन वर्षांत हे इतक्या वेळा केलं, की चहाच्या ग्लासात बघतानाही त्यांचा डावा डोळा आपोआप मिटू लागला होता. तुमच्याही ओळखीत असा एखादा हट्टी माणूस असेल. त्याचं कौतुक करावं की त्याला गदागदा हलवावं, ते आपल्याला शेवटपर्यंत ठरवता येत नाही.

नव्वदच्या दशकात मी सुरतेच्या एका फार्मसी कॉलेजात लॅब असिस्टंट होतो आणि सर तिथे शिकवायचे. ते शहाद्याकडचे, मी धुळ्याकडचा, राहायला दोघंही बमरोलीतल्या एकाच चाळीत. जाता-येता आम्ही एकाच सायकलवर असायचो. सर मला 'भाऊ' म्हणत.

बाटलीत मलेरियाचं औषध असायचं, पण साधं नाही. 'नॅनोपार्टिकल' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. केसाच्या जाडीचे शेकडो भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा कण, आणि त्या कणाच्या पोटात औषध. एका जातीच्या मलेरियाचा जंतू लिव्हरमध्ये दडून बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी ताप पुन्हा उलटतो. "लिव्हर असले बारीक कण आपणहून ओढून घेतं, भाऊ. म्हणजे औषध थेट जंतूच्या दारात! एक इंजेक्शन, काम फत्ते," असं सर सायकलवर मागे बसून सांगायचे. कण सुटे तरंगत राहिले तर पाणी निळसर, धूसर दिसायचं. एकमेकांना चिकटले की तळाशी पांढरा गाळ साचायचा. बहुतेक वेळा गाळच दिसायचा, म्हणजे 'बसलं'.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते मला ठाऊक होतं. सरांचे थोरले बंधू बमरोलीतच एका खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, कामाला होते. सरांचं शिक्षण त्यांनीच केलेलं. त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी थंडी वाजून ताप यायचा. सर गोळ्यांचा पूर्ण कोर्स आणून द्यायचे. दोन दिवसांत ताप उतरायचा आणि बंधू पाळीवर हजर. उरलेल्या गोळ्या वहिनी देवापुढच्या हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवायच्या. कोणी गावाकडे निघालं की पुडी बांधून त्याच्या हाती द्यायच्या. तिकडे 'सुरतनी गोळी' म्हणून तिचा मोठा मान.

एकदा मी तिथे असतानाच सरांनी तो डबा उघडला. गोळ्या बघून त्यांचा आवाज चढला.

"वहिनी, या अजून इथे कशा?"

"ताप उतरना ना भाऊजी? मंग मन्हा बापले धाडसू. तठे कोन दी त्याले?"

वहिनींच्या बापाला तिकडे गोळी कोण देणार, हा प्रश्न खराच होता. सरांनी डबा बंद केला. बाहेर येऊन मात्र दात-ओठ खात म्हणाले, "काही उरताच कामा नये, भाऊ. असंच औषध पाहिजे." रोज जेवणाच्या डब्यातला शेवटचा शितकणही ते याच वाक्यावर संपवत.

पण कसलं औषध आणि कसलं काय! ढवळणीचं यंत्र व्होल्टेज पडलं की अडखळायचं. मिश्रण गोल फिरवणारं यंत्र दुसऱ्या विभागाचं होतं, ते मिळायचं शनिवारी दुपारी. आमचे हेड भले गृहस्थ. ते कपाळाला हात लावून म्हणायचे, "मूकी दो ने हवे, भाई!" सोडून द्या म्हणे. सर सोडत नव्हते. मी बाटल्या धूत होतो आणि मनातल्या मनात त्यांच्यावर चिडत होतो.

आणि एका उन्हाळ्यात एक घाणा, म्हणजे एका वेळचं मिश्रण, जमला. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. बाटली निळसर ती निळसरच. सरांनी डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. "बसलं नाही," ते इतक्या हळू म्हणाले, जणू बाटलीला ऐकू जाईल अशी धास्ती होती.

कण खरोखर किती बारीक आहेत ते मोजायचं यंत्र मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होतं. तिथल्या माणसाने एकदाच मोजून द्यायचं कबूल केलं होतं. "थंड राहू दे हं, भाऊ," एवढंच सांगून सर वर्गावर गेले. थर्मास भरायचं काम माझं होतं. माझे काका गोडादऱ्यात हातगाडीवर कुल्फी विकायचे, त्यांच्या हाताखाली मी दोन उन्हाळे काढलेले. नुसता बर्फ वाटेत दगा देईल, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी त्यात मूठभर मीठ टाकलं. चांगलं काम केल्याच्या समाधानात झाकण घट्ट लावलं.

दहा दिवसांनी पत्र आलं. नमुन्यात गाळ होता, मोजता आला नाही.

सर फ्रिजकडे धावले. इथे ठेवलेल्या त्याच घाण्याच्या बाटल्या निळ्या होत्या. "म्हणजे प्रवासात मरतं," ते खाली बसत म्हणाले. "जे औषध सुरतेहून मुंबईला जात नाही, ते माझ्या गावाला काय जाणार?"

मला त्याच क्षणी उमगलं. बर्फात मीठ घातलं की कुल्फी घट्ट होते, मग बाटली का नाही होणार? ती वाटेत गोठली होती आणि कण चिकटून गाळ झाला होता. पण माझी जीभ उचलली नाही. नोकरी जाईल म्हणून, की त्यांचा चेहरा बघवेना म्हणून, देव जाणे. आज स्वतःचाच संताप येतो. एक वाक्य होतं फक्त.

त्यानंतर सरांनी बाटली उजेडात धरली नाही. वर्ष संपताना बंधू खातं सोडून गावी गेले आणि पाठोपाठ सरही गेले. शहाद्यात औषधांचं दुकान टाकलं, असं कळलं.

पुढच्या मे महिन्यात मी फ्रिजमधली उरलेली बाटली त्याच थर्मासमध्ये ठेवली. भोवती साधा बर्फ भरला, मीठ नाही. नंदुरबारपर्यंत पॅसेंजर, पुढे एसटी. वाटेत दोनदा बर्फ बदलला. दुकानासमोरच्या बाकावर बंधू भर उन्हात चादर पांघरून बसले होते.

मी बाटली सरांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, डोळा मिटला. निळसर होती.

"सर, मी तेव्हा बर्फात मीठ टाकलं होतं."

त्यांनी बाटली तिरकी करून तळ पाहिला. मग म्हणाले, "गोठवू नकोस, हे मी सांगायला हवं होतं." आणि तोंड फिरवून, "तू तेव्हाच बोलायला हवं होतंस रे."

तेवढ्यात एक बाई काउंटरशी आली. पोराला थंडीताप होता. हातातली चिठ्ठी पुढे करून म्हणाली, "दोनच द्या. ताप उतरला की झालं."

"सगळ्या घ्याव्या लागतील, बाई."

"दोनच द्या हो."

सरांनी बाटली गल्ल्याशेजारी ठेवली आणि कात्री घेतली. पट्टीतून दोन गोळ्या कापून दिल्या. उरलेल्या डब्यात परत टाकल्या.